आजारी पक्ष्याला रात्रभर ऊब देताना

प्रश्न असा आहे: दीड वर्षाचा बजी (बजरीगर, छोटा पाळीव पोपट) काल दुपारपासून पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला आहे. दाणे चोचीने उलथतो, पण खात नाही. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी अकराची मिळाली आहे आणि फोनवर एवढंच सांगितलं गेलं की तोवर त्याला गरम ठेवा. घरात गरम पाण्याची पिशवी आहे, कंबर शेकायचं हीटिंग पॅड आहे आणि १०० वॅटचा बल्ब लावलेला टेबल लॅम्प आहे. यातलं काय वापरायचं, आणि किती जवळ ठेवायचं?

तिन्हींपैकी काहीही चालेल. पण तुमच्या यादीत थर्मामीटर नाही, आणि मी सुरुवात तिथूनच करेन. ताप मोजायचा नव्हे. खोलीचं तापमान दाखवणारा, शक्यतो लांब वायरच्या टोकाला छोटा सेन्सर असलेला डिजिटल. ऊब देण्याच्या नादात पाय भाजलेले, उकडून धापा टाकणारे पक्षी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या घरचं साधन बहुतेक वेळा ठीकच असतं. तापमान मात्र कुणी मोजलेलं नसतं. 'हात लावून पाहिला, बरा वाटला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं ऐकण्याआधीच पक्ष्याचे तळपाय बघते.

त्याहीआधी दोन मिनिटं पिंजऱ्यापासून जरा लांब उभं राहून त्याच्याकडे नुसतं बघा. आजार लपवणं हा पक्ष्यांचा स्वभाव आहे. तुम्ही जवळ गेलात की तो पिसं मिटून शहाण्यासारखा बसेल आणि तुम्हाला वाटेल, बरा दिसतोय की. लांबून खरं दिसतं. चोच उघडी ठेवून श्वास घेतोय का, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वरखाली होतेय का, कुठून रक्त येतंय का, झटके येतायत का, तोल जाऊन कलंडतोय का, हे पाहा. मादी असेल आणि पाय फाकवून, शेपटी हलवत जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. यातलं काहीही असेल तर उद्या अकराची वाट बघू नका, आत्ता जो दवाखाना उघडा असेल तिथे फोन करून निघा. ऊब वाटेतही देता येते.

आणखी दोन प्रसंगी ऊब द्यायचीच नाही. पक्षी पंख्याला किंवा काचेवर आपटला असेल आणि डोक्याला मार असेल, तर त्याला अंधाऱ्या, शांत खोक्यात नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं. वरून उष्णता दिली तर डोक्यातली सूज वाढायची भीती असते. दुसरा प्रसंग उन्हात राहिलेल्या पिंजऱ्याचा. तो पक्षी आधीच तापलेला असतो. तोही गळून तळाशीच बसतो, म्हणून घाईत माणसं त्यालाही शेकायला घेतात.

तुमच्या बजीत यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा बरंच जास्त, साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस. आणि बजीचं वजन किती, तर तीस-चाळीस ग्रॅम. एवढासा जीव, त्यामानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, म्हणजे उष्णता सतत बाहेर पळत असते. ती भरून काढायला तो दिवसभर खात असतो. खाणं थांबलं की चुलीतलं सरपण संपायला लागतं. मग तो पिसं फुगवतो, पिसांमध्ये हवा अडकते आणि तीच त्याची गोधडी होते. निरोगी पक्षीही झोपताना थोडा फुगतो, पण एक पाय पोटात घेऊन, मान मागे वळवून. दोन्ही पायांवर, भरदिवसा, डोळे अर्धवट मिटून फुगलेला बजी तुम्हाला सांगत असतो की अंगातली ऊब त्याला पुरत नाहीये. अशात बाहेरून ऊब मिळाली की अंग तापवण्यात जाणारी शक्ती वाचते आणि आजाराशी झुंजायला शिल्लक राहते. आजार त्याने जात नाही. उद्या अकरापर्यंत साठा पुरतो, इतकंच. पण लहान पक्ष्याच्या बाबतीत तेवढं पुष्कळ झालं.

किती ऊब? पिसं असलेल्या, वाढ झालेल्या आजारी पक्ष्याला २७ ते ३२ अंश. तुम्ही २९-३० पासून सुरुवात करा. अर्ध्या-पाऊण तासात पिसं थोडी खाली बसली, डोळे उघडले, इकडेतिकडे बघायला लागला तर तेच तापमान बरोबर आहे. ३० अंशांना तासभर ठेवूनही चेंडूसारखाच फुगलेला असेल तर एकेक अंशाने ३२ पर्यंत जा. त्यापुढे घरी जाऊ नका. पिल्लांची गोष्ट वेगळी, उघड्या अंगाच्या पिल्लाला ३५-३६ लागतात. ते आकडे कुठे वाचले असतील तर तुमच्या बजीला लावू नका.

मुख्य म्हणजे हे ३० अंश खोक्याच्या एकाच बाजूला हवेत. दुसरी बाजू चार-पाच अंशांनी थंड राहू द्या. आपण कितीही मोजलं तरी त्याला नेमकं किती हवं हे त्यालाच कळतं, आणि गरम वाटलं तर सरकायला जागा असली की आपल्या चुकीची शिक्षा त्याला होत नाही. तो पूर्ण वेळ उबेच्या बाजूला चिकटून असेल तर थोडं वाढवा, सारखा लांबच्या कोपऱ्यात जात असेल तर कमी करा. अगदीच हलता येत नसेल इतका अशक्त असेल, तर मात्र ही निवड त्याच्या हातात राहत नाही. अशा पक्ष्याला २९ च्या वर नेऊ नका आणि त्याच्याजवळून उठू नका.

आता तुमच्या तीन वस्तू.

रात्रभरासाठी मी हीटिंग पॅड घेईन. नेहमीचा उंच पिंजरा मात्र आज बाजूला ठेवा. चारी बाजूंनी हवा खेळते तिथे ऊब टिकत नाही, आणि अशक्त पक्षी वरच्या दांडीवर चढून खाली पडतो. हातभर लांबीचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा साठवणीचा डबा घ्या. झाकणाला आणि वरच्या कडेला भरपूर भोकं पाडा, आत धारदार कडा राहिल्या तर घासून काढा. तळाला साधा पांढरा कागद किंवा टिश्यू पेपर. टॉवेल अंथरायचा मोह होईल, पण टर्किश टॉवेलच्या फाशांत नख अडकतं आणि सोडवायच्या धडपडीत पाय मुरगळतो. कापड हवंच असेल तर जुन्या बनियनसारखं सपाट विणीचं. दांडी ठेवायची तर जमिनीपासून दोन बोटं उंच, जाडसर, तोंडासमोर दाणापाणी येईल अशी.

पॅड डब्याच्या बाहेर, खाली, आणि फक्त एका टोकाला. डब्याचा एक-तृतीयांश ते अर्धा भाग पॅडवर, बाकीचा नुसत्या टेबलावर. पॅड आणि डबा यांच्यामध्ये टॉवेलची एक घडी. सगळ्यात कमी सेटिंग. पॅड आत कधीही ठेवायचं नाही: पक्षी त्यावर बसून राहतो, पोटाखालची कातडी भाजते आणि त्याला ते उशिरा कळतं. शिवाय वायर कुरतडायला चोच आहेच.

पक्ष्याला ठेवण्याआधी रिकामा डबा पाऊण तास चालवून बघा. ही पायरी सगळे गाळतात. पॅडला गरम व्हायला वेळ लागतो, डब्याला त्याहून जास्त. दहा मिनिटांनी थर्मामीटर २६ दाखवतो म्हणून माणूस सेटिंग वाढवतो, झोपायला जातो आणि दोन तासांनी आत ३७ झालेले असतात. पाऊण तासाने तळाला तळहात पाच मिनिटं टेकवून ठेवा. पाच म्हणजे घड्याळ लावून पाच. शेवटच्या मिनिटालाही नुसतं कोमट वाटलं तर ठीक, हात उचलावासा वाटला तर टॉवेलची आणखी एक घडी. आणि एक गोष्ट: बरीच हीटिंग पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. माणसासाठी ती सुरक्षेची सोय आहे, पक्ष्यासाठी पहाटे दोनची थंडी. तुमचं पॅड तसं आहे का ते आत्ताच माहितीपत्रकात बघा. असेल तर गजर लावावे लागतील.

टेबल लॅम्पही चालेल, पण १०० वॅट एवढ्याशा डब्याला फार होतात. ४० किंवा ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब हवा. एलईडीचा उपयोग नाही, त्यातून उजेड येतो, ऊब जवळजवळ नाहीच. लॅम्प डब्याच्या किंवा पिंजऱ्याच्या बाहेर, एका बाजूला, हातभर अंतरावर ठेवून सुरुवात करायची आणि थर्मामीटर बघत पुढेमागे करायचं. प्लॅस्टिकच्या डब्याला तो टेकता कामा नये. कापड त्याच्यावर येता कामा नये. आणि धक्का लागून तो पिंजऱ्यावर पडणार नाही अशी व्यवस्था हवी, घरात मांजर असेल तर विशेषच. लॅम्पचा खरा तोटा उजेडाचा. आजारी पक्ष्याला झोप लागते, आणि डोळ्यांवर रात्रभर प्रखर दिवा असेल तर ती मिळत नाही. म्हणून दिवसा लॅम्प, रात्री पॅड, अशी माझी पसंती.

ज्यांच्याकडे बरेच पक्षी आहेत त्यांनी बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा, पण उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि सोबत ठरलेल्या तापमानाला तो आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट घेऊन ठेवावा. त्याचा पृष्ठभाग प्रचंड तापतो, त्यामुळे होल्डर चिनीमातीचाच लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो, आणि भोवती जाळी हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारे तापणारे दगड मात्र पक्ष्यांना नकोत. पाय आणि पोट भाजण्याचं ते हमखास साधन आहे.

गरम पाण्याची पिशवी उद्याच्या प्रवासासाठी राखून ठेवा, आणि वीज गेली तर. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल इतकं गरम. पिशवीभोवती कापडाचे दोन थर, आणि ती डब्याच्या एका बाजूला बाहेरून टेकलेली. तिची अडचण अशी की ती दीड-दोन तासांत निवते, आणि निवलेली पिशवी मग पक्ष्याच्या अंगातली ऊब ओढायला लागते. सुरुवातीच्या काळात मी एका अशक्त फिंचला, जेमतेम बारा ग्रॅमचा जीव, पिशवीच्या भरवशावर घरी ठेवलं होतं. तीनला पाणी बदलायचं होतं, डोळा लागला. साडेपाचला उठले तेव्हा तो त्या गारढोण रबराला चिकटून बसलेला होता, कारण झोपताना तिथेच ऊब होती. वाचला, पण थोडक्यात. तेव्हापासून रात्रीच्या कामाला मी पिशवी वापरत नाही.

दुसरी चूक थर्मामीटरच्या जागेची, आणि तीही माझीच. एका कॉकटीलला (तुरा असलेला छोटा पोपट) लॅम्प लावून पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर घातली होती. थर्मामीटर समोरच्या, उघड्या बाजूच्या जाळीला अडकवलेला, कारण तिथून वाचायला सोपा. आकडा २८, मी निश्चिंत. पक्षी मात्र मागच्या दांडीवर तोंड उघडून धापा टाकत होता. सेन्सर त्याच्या शेजारी नेला तर ३८. त्याच पिंजऱ्यात, दीड हाताच्या अंतरात दहा अंशांचा फरक. तेव्हा सेन्सर पक्षी जिथे बसतो तिथे, त्याच्या पाठीच्या उंचीवर हवा. थेट बल्बच्या झोतात नको, पॅडवरच्या तळाला चिकटलेला नको आणि चोचीने ओढता येईल असाही नको. दोन थर्मामीटर असतील तर एक उबेच्या टोकाला, एक थंड टोकाला.

उकाडा झाल्याची खूण ओळखता आली पाहिजे, कारण सेन्सर बिघडू शकतो. पक्ष्याला घाम येत नाही. तो श्वासावाटे आणि उघड्या पायांवाटे उष्णता बाहेर टाकतो. म्हणून आधी पिसं अंगाला घट्ट चिकटतात, पक्षी एकदम बारीक, लांबुळका दिसायला लागतो. मग पंख अंगापासून थोडे सुटे धरतो, काखेत वारा लागावा तसे. मग चोच उघडून भराभर श्वास. पिसं चिकटलेली दिसली की लगेच साधन बंद करा, झाकण बाजूला करा, थंड बाजू मोकळी करा. गार पाणी अंगावर ओतू नका. पाच-दहा मिनिटांत श्वास शांत व्हायला हवा. पिसं फुगलेली असतानाच धाप दिसत असेल, किंवा थंड करूनही ती थांबत नसेल, तर तो उकाडा नव्हे, श्वासाचा त्रास आहे, आणि मग वर म्हटल्याप्रमाणे ताबडतोब निघायचं.

डबा झाकताना तीन बाजूंना कापड, समोरची बाजू उघडी. पूर्ण गुंडाळून टाकलं की हवाही कोंडते आणि तुम्हाला दिसायचंही बंद होतं. ऊब दिली की हवा कोरडी पडते, आणि नाक-घसा कोरडा झालेला पक्षी आणखी मलूल होतो. डब्याच्या उबेच्या टोकाला बाहेरून ओलं फडकं, किंवा आत बुडता येणार नाही अशा छोट्या वाटीत ओला स्पंज ठेवला तरी पुरतं. आतल्या भिंतींवर पाण्याचे थेंब जमायला लागले तर जास्त झालं, स्पंज काढा. अंडं अडकलेल्या मादीला मात्र हा ओलावा मुद्दाम जास्त द्यावा लागतो.

आता ज्याने पक्षी खरोखर एका रात्रीत जातात त्याबद्दल. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, आपल्यासारखी आत-बाहेर होत नाही, आणि हवेतलं जे असेल ते तो आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने रक्तात घेतो. प्राणवायू तसा, विषही तसंच. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला छोटे प्राणी न्यावेत असं सुचवलं ते याच कारणासाठी. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी इतक्या दीर्घकाळ टिकल्या की त्यांच्या जागी यंत्रं आणण्याची घोषणा व्हायला १९८६ साल उजाडलं. तेव्हा कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह किंवा धूर बाहेर न सोडणारा गॅस हीटर पक्ष्याच्या खोलीत अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुम्हाला नुसतं डोकं जड वाटेल, तो तोवर गेलेला असेल.

दुसरं, नॉनस्टिक थर. तव्यांवरचा हा थर सुमारे २८० अंशांच्या पुढे तापला की जो वायू सुटतो त्याने पक्ष्याचं फुप्फुस काही मिनिटांत रक्ताने भरतं. रिकामा तवा गॅसवर विसरला की तिथवर सहज पोचतो. तवा सगळ्यांना ठाऊक असतो. पण हाच थर काही खोली तापवायच्या हीटरच्या आत, काही इस्त्रींना, काही हेअर ड्रायरमध्ये आणि 'फुटला तरी तुकडे न उडणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उष्णतेच्या बल्बवरही असतो. म्हणून नवाकोरा हीटर आज रात्रीच आणून पक्ष्याजवळ लावू नका. काय थर आहे ते माहीत नाही आणि पहिल्यांदा तापताना त्यावरची रसायनंही जळतात. घरात जो हीटर आधीपासून, पक्षी असतानाच, बिनधोक चाललाय तो खोली २४-२५ अंशांवर ठेवायला लावा. डब्यातली ऊब पॅडची. हेअर ड्रायरने पक्षी शेकायचा विचार सोडून द्या. सुगंधी मेणबत्त्या, फवारे, डास पळवायची यंत्रं, सिगारेट हे सगळं आज त्या खोलीबाहेर.

खाण्यापिण्याचं सांगते. आधी ऊब, मग अन्न. गारठलेल्या पक्ष्याचं पचन मंदावलेलं असतं, अशात पोटात ढकललेलं अन्न गळ्याखालच्या पिशवीतच आंबतं. अंगात ऊब आली की तो बहुधा स्वतःच दाण्याकडे वळतो. त्याचे सवयीचे, आवडीचे दाणे पसरट झाकणात, तोंडासमोर. थोडे कागदावरही पसरा, जमिनीवर टोचायची सवय उपजत असते. नवीन पौष्टिक काही आज सुरू करू नका. पाणी उथळ भांड्यात. सिरिंजने चोचीत पाणी सोडू नका, हे हात जोडून सांगते. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते, अशक्त पक्षी गिळत नाही आणि पाणी सरळ श्वासात जातं. 'दोन थेंब पाजले आणि मग अचानक गेला' यातलं 'अचानक' बऱ्याचदा हे असतं. मद्याचे थेंब पाजायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मागच्या पक्ष्याचं उरलेलं औषधही नको, डॉक्टरांना त्यानंतर नमुन्यात काही सापडेनासं होतं.

पांढरा कागद तळाला मुद्दाम सांगितला तो शी बघण्यासाठी. ठीकठाक शी तीन भागांची असते: हिरवट किंवा तपकिरी वळी, त्यावर पांढरा भाग, भोवती थोडं पाणी. वळी न दिसता नुसतं गडद हिरवं किंवा नुसतं पांढरं-पाणीदार पडत असेल तर पोटात काही जात नाहीये, तो दाणे नुसते सोलून टाकतोय. टरफलांचा ढीग बघून 'खातोय' असं समजू नका. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसला तर यकृताकडे संशय जातो, डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. कागद बदलाल त्या वेळा लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर डब्यात ठेवतानाच एकदा वजन घ्या आणि सकाळी एकदा. ३५ ग्रॅमच्या बजीचे साडेतीन ग्रॅम म्हणजे दहा टक्के. तेवढी घट चिंतेची. वजनासाठी मध्येच परत परत हाताळू नका, पकडण्याची धास्तीच त्याला दमवते.

आजची रात्र अशी काढा. संध्याकाळी डबा तयार, चाचणी करून पक्षी आत. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि पक्षी दोन्ही बघा. तासभर आकडा स्थिर राहिला की मग दर दोन-तीन तासांनी, गजर लावून. पहाटे खोली सगळ्यात थंड होते, तेव्हाचा एक गजर चुकवू नका. खोली शांत, टीव्ही बंद. पूर्ण अंधार नको. कोपऱ्यात मंद दिवा असू द्या, म्हणजे मध्येच जाग आली तर दाणा दिसेल, आणि दचकला तर आपटणार नाही. अंधारात बजीला फारसं दिसत नाही. त्याला छातीशी धरून, कपड्यात घेऊन झोपू नका. हे प्रेमाने केलं जातं आणि माणूस कुशीवर वळतो.

घरात दुसरे पक्षी असतील तर हा डबा वेगळ्या खोलीत, आणि काम करताना आधी निरोगी पक्षी, मग आजारी. शीचे कागद झटकू नका, थोडे ओलवून गुंडाळा, हात साबणाने धुवा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांत सिटॅकोसिस नावाचा आजार असतो, तो वाळलेल्या शीच्या धुळीतून माणसाला होतो. बजीबरोबर घरातल्या कुणाला ताप, कोरडा खोकला असेल तर स्वतःच्या डॉक्टरांनाही घरात पक्षी आहे हे सांगा.

सकाळी निघताना हाच डबा उचला, दुसऱ्या पिंजऱ्यात हलवू नका. दांडी काढा, पाण्याचं भांडं काढा, स्पंज काढा. पिशवी कापडात गुंडाळून बाहेरून एका बाजूला, वर पातळ चादर. गाडी असेल तर आधी आत बसून ती उबदार करून घ्या आणि मग पक्षी आणा. एसीचा झोत डब्यावर नको. सेन्सर आतच राहू दे. शीचा शेवटचा कागद दुमडून बरोबर न्या, आणि रात्री लिहिलेले आकडे: किती वाजता किती तापमान, किती वेळा शी, वजन. पाच मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते या कागदावर असतं. तो पिसं फुगवून श्वास घेतोय असा रात्रीचा एखादा व्हिडिओ, लांबून काढलेला, तोही दाखवा, कारण टेबलावर गेल्यावर तो पुन्हा शहाण्यासारखा बसणार.

औषध सुरू होऊन तो बरा दिसायला लागला की पहिल्याच दिवशी ऊब काढून टाकायची घाई होते. स्वतः खातोय, वजन दोन दिवस टिकलंय किंवा वाढतंय, ३० अंशांना पिसं सपाट आहेत, एवढं झालं की रोज दोन अंश उतरवा. ३०, मग २८, मग २६, खोलीच्या तापमानाशी जुळेपर्यंत. दरवेळी उतरवल्यानंतर तासाभराने त्याच्याकडे लांबूनच बघा. पिसं परत फुगली तर दोन अंश वर आणि एक दिवस तिथेच थांबा.